डाव्या खांद्यावरची सरकी

जेवलात का, असं कोणी विचारलं तरी त्यांच्या तोंडून आधी "नाही" यायचं. हातात भाकरीचा तुकडा असायचा, मिशीला चुरा लागलेला असायचा, आणि तरी नाही. मग जरा विचार करून ते दुरुस्ती करत, "म्हंजे भाकर खाल्ली. पन जेवलो म्हन्याजोगं काई नाही." गावात सगळे त्यांना नाहीमहाराज म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ते ओ देत.

ते मरीमायचे पुजारी होते. गाव तेल्हाऱ्यापासून चार कोसांवर, आणि देऊळ गावाबाहेर एका कडुनिंबाखाली. देऊळ म्हणजे चार दगडी खांब, वर कुडाचं छप्पर आणि आत शेंदूर माखलेली हातभर उंचीची देवी. आजारी माणसाला घेऊन लोक तिथे येत आणि कौल मागत. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली सरकी चिकटवायची. उजवी आधी पडली तर रोग्याला देवीनं आपल्याकडे घेतलं; त्यानं तिच्या दारात राहायचं, अंगारा लावायचा, दुसरं औषध घ्यायचं नाही. डावी आधी पडली तर देवी नाही म्हणाली. त्यानं दुसरीकडे जायचं. इतर ठिकाणी फुलं लावतात. इथे कापसाचं बी, कारण ते बारमाही मिळतं. महाराज म्हणत, "फुलाले भीड पडते. सरकीले नाही पडत."

त्यांच्या हातून बहुधा डावीच पडे. डावी पडली की रोग्याच्या नातेवाइकांना ते पायरीवर बसवत, अंगाऱ्याची मूठ पायरीवर पसरत आणि तिच्यात बोटानं वाट काढून दाखवत. "हे पाह्य. ही नदी. नदी ओलांडली का डाव्या हाताले चिंच. चिंचेपासून सरळ गेला का तेल्हाऱ्याचा वैद्य. तो खेकसते, पन औषध चांगलं देते. त्याच्यानं नाही झालं तं अकोल्याले सरकारी दवाखाना." कपाळाला लावायचा अंगारा असा वाट दाखवण्यात संपून जाई. लोक चिडत. आम्ही देवीकडे आलो आणि हा वैद्याचा पत्ता सांगतो, म्हणत.

कोणी पाया पडलं की तेही तत्काळ त्या माणसाच्या पाया पडत. एकदा एक जाडजूड देशमुख आणि ते, दोघंही समोरासमोर जमिनीला डोकं टेकून राहिले. आधी उठायचं कोणी? शेवटी देशमुखाच्या गड्यानं धन्याला काखेत हात घालून उचललं. महाराज धूळ झटकत म्हणाले, "तुमाले माह्या पायात काय दिसलं ते मले ठाव नाही. मी तं तुमचे जोडे पाह्यले. चांगले हायेत."

हे सगळं मी आज हसत लिहू शकतो, याचीही मला लाज वाटते.

मी त्या गावात कापसाचा पारखी होतो. अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं तिथे वखार घातली होती आणि माल बघून घ्यायला मला पाठवलं होतं. वय बावीस-तेवीस. कापूस मुठीत दाबायचा, धागा ओढायचा, सरकी दोन बोटांत फिरवायची आणि सांगायचं, हा खरा, हा भिजवून जड केलेला. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या. ज्यांच्या घरात आदल्या साली तेलाला महाग होते, त्यांच्या दारात रोषणाई झाली. त्या वर्षांत कोणालाच 'नाही' ऐकायची सवय राहिली नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात मला ताप भरला. वखारीतल्या हमालांनी मला उचलून मरीमायच्या दारात नेलं. कौल लागला, डावी पडली. हमाल म्हणाले, आता हा पारखी जातो. महाराजांनी गाडी जुंपायला लावली आणि तेल्हाऱ्यापर्यंत चार कोस गाडीच्या बाजूनं चिखलातून चालत आले. माझ्या कपाळावर ओलं फडकं धरून चालले. मी शुद्धीवर आलो तेव्हा ते वैद्याशी भांडत होते, "कडू देऊ नका म्हन्तो का मी? कडूच द्या. पन थोडं थोडं द्या." मी वाचलो तो त्यांच्या 'नाही'मुळे. ही गोष्ट मी विसरलो असतो तर पुढचं समजून तरी घेता आलं असतं. मी विसरलो नव्हतो.

त्यानंतर मी रोज देवळात जाऊ लागलो. वखारीतली चांगली सरकी निवडून त्यांना नेऊन देई. दोन्ही बिया सारख्या लागत, ते अंगठ्यानं चाचपून जोडी लावत आणि मला चिडवत, "पारखी, तुह्या शेठजीनं तुले कापसापायी ठेवलं, अन् तू देवीची सरकी पारखून राह्यला. हाकलून देईन तो तुले."

एकदा सकाळी लवकर गेलो तर ते देवीच्या डाव्या खांद्याला तेल चोळत होते. उजव्याला नाही, फक्त डाव्याला. अंगठा वाटीत बुडवायचा आणि तेवढ्याच जागेवरून फिरवायचा. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"महाराज, हे काय?"

"खांदा दुखते तिचा," ते म्हणाले.

मला समजायचं ते समजलं. तेलावर सरकी टिकत नाही. रोग्याला देवळात आणलं की ते आधी बाहेर बसवून खोदून खोदून विचारत: कधीपासून, जुलाब किती, लघवी होते का. दचकलेलं मूल, झोपेत ओरडणारी सून, नजर लागली म्हणणारा म्हातारा, अशांच्या वेळी ते आधी आत जाऊन फडक्यानं खांदा पुसत आणि मग कौल लावत; कधी उजवी पडे, कधी डावी. पण खरा ताप, खरी पटकी, खरं रक्त दिसलं की खांदा तेलकटच राही.

त्या दुपारी त्यांनी आपण होऊन मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडीलही पुजारी. त्यांना कौलबिल लागत नसे, ते नुसते डोक्यावर हात ठेवत.

"माह्या बापाले लोकायचं रडनं पाह्यवत नवतं. कोनी रडलं का तो म्हने, होईल बरा, जाय. सारे होईल बरा. एका गावची पाच लेकरं पटकीनं मेली. पाचायलेबी त्यानं होईल बरा म्हटलं होतं. मंग त्या गावचे लोक आले." ते सरकी चाचपत राहिले. "विहिरीत टाकला त्याले. मी दहा वर्साचा होतो. दगड बांधला होता, म्हून तिसऱ्या दिवशी वर आला."

त्यांनी हातातली सरकीची जोडी बाजूला ठेवली.

"तवापासून मी बोलत नाही. ते बोलते," ते देवीकडे बोट दाखवून म्हणाले. "अन् तिले मी नाही म्हनाले शिकवलं."

अकोल्याच्या वाटेवर तेव्हा एका बाबाचं प्रस्थ वाढलं होतं. चांदीची छत्री, गालिचा, आणि येईल त्याला 'होईल बरा'. गाड्यांच्या रांगा तिकडे वळल्या. नाहीमहाराजांकडे कोणी फिरकेनासं झालं. देवीपुढे मूठभर ज्वारी पडायची तीही पडेना. छप्पर एका बाजूनं बसलं. मी शिधा नेला तर म्हणत, "नाही. तू काय देवीचा रोगी हायेस का?" त्यांची हाडं दिसू लागली. मला ते पाहवत नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम तसंच लिहितो आहे.

अशात गावच्या पाटलांचा मुलगा आजारी पडला. आठ वर्षांचा, एकुलता. पाटील कापूस घालायला वखारीत आले तेव्हा म्हणाले, "पोट्ट्याच्या आंगात ताप हाय दोन दिसापासून. त्याची माय म्हन्ते, आधी मरीमायले इचारा, मंग अकोल्याले न्या. आता तुमचा तो नाहीमहाराज. तो नाहीच म्हनन. कशाले जाऊ मी त्याच्याकडे?"

"एकदा जाऊन तर पाहा," मी म्हणालो.

"उजवी पडली तं देऊळ दगडी बांधून देईन, पारखीबुवा. अन् महाराजाले जलमभर घरचा शिधा. लिहून घ्या."

त्या मुलाला मी चारच दिवसांपूर्वी गाडीवर उभं राहून बैल हाकताना पाहिलं होतं. मला वाटलं, ऋतू पालटला आहे, साधा ताप आहे, उतरेल. मला वाटलं, ते देवीच्या खांद्याला तेल लावतात, मग मी एकदा दुसरं काही लावलं तर बिघडलं काय? एकदा उजवी पडेल, पोरगं बरं होईल, महाराजांना छप्पर मिळेल, त्या छत्रीवाल्याचं नाक कापलं जाईल. वखारीतल्या लोकांना सांगायला मला एक गोष्ट मिळेल, हेही मनात होतंच.

दुसऱ्या दिवशी महाराज नदीवर अंघोळीला गेले असताना मी देवळात गेलो. डाव्या खांद्याचं तेल धोतराच्या सोग्यानं पुसून काढलं. बाभळीचा डिंक पाण्यात कालवून आणला होता, तो बोटानं तिथे लावला. मग त्यांच्या वाटीतलं तेल उजव्या खांद्याला चोळलं. मला पारखी म्हणत, आणि मी देवीत भेसळ केली.

पाटील गाडी जुंपूनच आले. कौल डावा पडला की तसंच अकोल्याला निघायचं, म्हणून गाडीत गादी, पाण्याचा घडा, सगळं भरलेलं. मुलगा आईच्या मांडीवर डोळे मिटून होता. महाराजांनी त्याच्या पोटावर हात ठेवला, जीभ पाहिली, आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी खांदा पुसला नाही. त्यांनी सरळ सरक्या लावल्या. हात सोडला न सोडला तोच उजवी पडली.

पाटलीणबाईंनी हंबरडा फोडला, आनंदानं. महाराज देवीकडे बघत राहिले. त्यांना असं पाहिलेलं मला आठवत नाही. बाजारात आपलंच लेकरू ओळखू न आलेल्या माणसासारखे.

"थांबा," ते म्हणाले. "पुन्हा लावतो."

"कशाले पुन्हा?" पाटील ओरडले. "साऱ्या मुलखाले नाही म्हनता, ते ऐकून घेतो आमी. आज माय हो म्हनली तं तुमाले पटत नाही?"

"एकडाव बोलली माय," पाटलीणबाई म्हणाल्या. "आता पुन्हा इचारून तिचा अपमान करता का, महाराज?"

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वैद्याच्या दारात मला शुद्धीवर आलेलं पाहताना पाहिलं होतं, तसंच.

"पारखी, तू सांग. पुन्हा लावू का?"

माझ्या बोटाला तेव्हाही डिंक होता. अंगठा लावला की चिकटत होता. बाहेर बैल उभे होते, त्यांच्या शिंगांवरची चांदी चमकत होती, आणि अकोल्याची वाट मोकळी होती.

"नको," मी म्हणालो. "आला तो कौल आला."

आयुष्यात मी एवढा एकच कौल दिला.

गाडी सोडली. मुलाला देवीच्या दारात ठेवलं. पहिल्या दिवशी त्यानं दूध मागितलं आणि सगळे म्हणाले, पाहा. दुसऱ्या दिवशी तो बरळू लागला. महाराज पाटलांना म्हणाले, "घेऊन जा. मी सांगतो, घेऊन जा." पाटील म्हणाले, "तुमचं कोन ऐकते? देवीनं घेतला हाय त्याले. उचलला तं कोपन ते." ते हात जोडत होते, पाया पडत होते, आणि त्यांच्या पाया पडण्याची गावाला इतकी सवय होती की कोणी लक्ष दिलं नाही. मी दोनदा देवळापर्यंत गेलो आणि दोनदा निंबापासून परत फिरलो. सांगितलं असतं तर पाटलांनी मला तिथेच झोडपलं असतं, एवढंच झालं असतं. एवढ्याला मी भ्यालो.

तिसऱ्या दिवशी, गुरं घरी यायच्या वेळेला, मुलगा गेला.

दुसऱ्या सकाळी मी देवळात गेलो. महाराज देवीसमोर बसले होते. डाव्या खांद्यावरची सरकी अजून तशीच चिकटलेली होती. चार दिवस.

"पाह्य," ते म्हणाले, "अजून धरून बसली हाय." मग नखानं त्यांनी ती हळूहळू उकरून काढली. खाली डिंकाचा पिवळा डाग होता. तोही चिंचेच्या कोळानं घासून घासून काढला. मी उभा होतो. त्यांनी मला काही विचारलं नाही. सरकी माझ्या तळहातावर ठेवली. "तुह्या वखारीची हाय. घेऊन जाय."

"महाराज," मी म्हणालो.

"नाही," ते म्हणाले. मी पुढे काही बोलायच्या आतच.

त्यांनी तेव्हा निघून जायला हवं होतं. अंगाऱ्यात लोकांना वाट काढून देणाऱ्या माणसाला तेल्हाऱ्याची, अकोल्याची, सगळ्या वाटा ठाऊक होत्या. ते गेले नाहीत. दोन दिवसांनी सकाळी शेण गोळा करायला गेलेल्या बायकांना ते निंबाखाली सापडले. डोकं फुटलेलं होतं, आणि तोंडात मूठभर सरकी कोंबलेली होती.

अकोल्याहून जमादार आला. त्यानं एकेकाला बोलावलं. कोणी मारलं हे ज्याला ठाऊक नाही असं गावात एकही माणूस नव्हतं, आणि ज्याला ठाऊक आहे असंही एकही निघालं नाही. जमादारानं मला विचारलं, "शेवटचा कौल कोणाचा झाला होता?"

"मी वखारीत असतो," मी म्हणालो. "देवळात काय चालतं मला ठाऊक नाही."

रेल्वेच्या भरावावरचं काम सोडून आलेले दोन परके मजूर त्या दिवसांत गावाबाहेर उतरले होते. त्यांची भाषा कोणाला येत नव्हती. जमादारानं त्यांना दोरीनं बांधून नेलं. त्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. पाटलांबद्दल मला राग धरता आला नाही. त्यांनी बाप म्हणून सूड घेतला. फक्त माणूस चुकीचा होता, आणि बरोबर माणूस वखारीत कापूस पारखत होता.

मी अमरावतीला परत आलो. लढाई संपली, भाव बसला, शिंगांवरच्या शेंब्या सोनारांकडे गेल्या. मला मुलं झाली. त्यांना ताप आला की मी इतका आरडाओरडा करून वैद्याकडे धावतो की घरचे हसतात.

आता तिथे दगडी देऊळ आहे. पाटलांनीच बांधलं. महाराज पाटलीणबाईंच्या स्वप्नात येऊ लागले, गुरं मेली, मग निंबाखाली समाधी झाली. समाधीला शेंदूर फासला, चांदीचे डोळे बसवले, आणि दोन बाजूंना दोन खांदे केले. लोक तिथे कौल लावतात. लांबून येतात, अगदी भातकुलीपासून.

गेल्या चैत्रात मी गेलो होतो. एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी तापानं फणफणलेली, ओठ फुटलेले. तिथला आताचा पुजारी, गुटगुटीत, हसतमुख, त्यानं सरक्या लावल्या. डावी पडली. माझा जीव भांड्यात पडला.

"पुन्हा," पुजारी म्हणाला आणि पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. "पुन्हा." तिसऱ्या खेपेला उजवी पडली.

"असं चालतं?" मी विचारलं.

"चालते ना," तो म्हणाला. "उजवी पडेस्तवर लावाची. इथून कोनी 'नाही' घेऊन जात नाही, दादा."

तो नैवेद्याचं बघायला गेला. मी त्या बाईजवळ पायरीवर बसलो. वीस-बावीस वर्षांत जे कोणाला सांगितलं नाही, बायकोला नाही, ते मी तिला सांगितलं. तेल, डिंक, पाटलाचा मुलगा, माझं 'नको', सगळं. म्हणालो, "बाई, ज्यांच्या समाधीपाशी तू बसली आहेस, ते असते तर त्यांनी तुला पहिल्यांदा इथून उठवलं असतं." आणि अंगाऱ्याची मूठ पायरीवर पसरून बोटानं वाट काढून दाखवली. ही नदी. ही चिंच. हा वैद्य. जुना वैद्य वारला, आता त्याचा मुलगा असतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्येच डोळे पुसले. मला वाटलं, उठते आहे.

"म्हंजे देवीनं काय बोलावं, ते त्यायच्याच हातात होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"अन् तुमी केलं हे त्यायले समजलं होतं?"

"डिंक त्यांनी स्वतः घासून काढला."

"तरीबी मरेस्तवर तुमचं नाव नाही घेतलं?"

"नाही घेतलं."

तिनं समाधीला हात जोडले. "मंग तं देवच म्हना ना, दादा," ती म्हणाली. तिनं मुलीला खांद्यावर घेतलं आणि पायरीवर काढलेल्या वाटेवर पाय देऊन आत गेली.